सोसायटी ग्रुप: गेटजवळचं पाणी नेमकं कुठलं?

मंगळवार

ए-२०३: गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला पेव्हर ब्लॉक खचलेत बघा. सकाळी पाणी येतं तेव्हा तिथं ओल असते, दुपारी वाळून जाते. फोटो टाकलाय.

बी-४०२: गाड्या धुतात हो तिथं. रोजचंच आहे.

ए-२०३: आज कुणीच धुतली नाही. वॉचमनला विचारूनच लिहितेय.

खजिनदार: टँकर वाढलेत हे खरं. मी समजत होतो उन्हाळा आहे म्हणून वाढलेत.

बी-४०२: मग खोदून टाकू. माझ्या ओळखीचा ब्रेकरवाला आहे, उद्या सकाळी येईल.

सी-१०१: ब्रेकर राहू द्या. आधी गळती कुठल्या भागात आहे ते कळू दे, नाहीतर अख्खं पार्किंग उकरून बसाल.

सी-१०१: आपलं पाणी तीन टप्प्यांनी येतं. मीटर ते खालची टाकी, मग ती टाकी, आणि पंपापासून गच्चीवरच्या टाक्यांपर्यंतची लाइन. पहिला भाग पाणी सुटलेलं असतानाच गळतो, एरवी त्यात दाबच नसतो. तिसरा पंप चालू असताना गळतो, आणि पंप बंद झाल्यावर उभ्या पाइपातलं पाणी उतरेपर्यंत. टाकीला तडा असेल तर ती चोवीस तास गळते. ए-२०३ ताई म्हणतात तसं सकाळी ओलं आणि दुपारी कोरडं असेल, तर माझा संशय पहिल्या भागावर. पण संशयावर खोदायचं नाही.

बी-१०२: काका, तुम्ही पाणीपुरवठ्यातच होतात ना? सांगा कसं बघायचं ते.

सी-१०१: हो, आयुष्य पाइपातच गेलं. आज रात्री शेवटचा पंप झाला की पंपरूमला कुलूप लावा आणि टाकीवरचा इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीत पाणी घ्यायची चावी, बंद करा. टाकीत एक काठी उभी सोडा, पाणी कुठवर आहे तिथं चिकटपट्टी लावा. सकाळी पंप सुरू करायच्या आधी परत बघा. घरोघरचं पाणी गच्चीवरून उतरतं, त्यामुळे लोक रात्री कितीही नळ सोडोत, खालच्या टाकीची पातळी हलायला नको. खाली गेली तर टाकी गळते.

सी-१०१: दुसरं, मीटर. सकाळी पाणी सुटलं की लगेच बघू नका. आधी पाइपातली हवा बाहेर पडते, त्या हवेवरही मीटर फिरतं. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. टाकीचा इनलेट बंदच ठेवा आणि मग मीटरवरची छोटी चक्री बघा. सगळं बंद असताना ती फिरत असेल तर मीटर ते टाकी या दरम्यान पाणी कुठंतरी जातंय. काळे आकडे हजार लिटरचे, लाल आकडे लिटरचे. दहा मिनिटांच्या अंतरानं दोन फोटो काढा.

सेक्रेटरी: बी-१०२, तुम्ही लवकर उठता. मीटर तुमच्याकडे. टाकीचं मी आणि वॉचमन बघतो.

बी-१०२: 👍

बुधवार

सेक्रेटरी: टाकी ठीक आहे. चिकटपट्टी जिथल्या तिथं.

बी-१०२: मीटरचे दोन फोटो. चक्री गरगर फिरतेय! दहा मिनिटांत लाल आकडे १४० लिटरनी पुढे गेले.

खजिनदार: म्हणजे तासाला ८४० लिटर. आपल्याला चार तास पाणी येतं. ३,३६० लिटर रोज जमिनीत?

सी-१०१: तेवढं नसेल. इनलेट बंद केला की लाइनमधला दाब वाढतो, त्यामुळे चाचणीत गळती जास्त दिसते. रोजचं अडीच-तीन हजार धरा.

खजिनदार: तरी चार दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर झाला की!

ए-२०३: आणि बिलही आपल्याच नावावर, पाणी मीटरमधून गेलंय ना.

सी-१०१: बरोबर. मीटरच्या पुढचं सगळं आपलं.

ए-३०१: पाणी वाया जातंय ते आहेच. पण मला भीती वेगळी आहे. त्या ओल्या जागेच्या शेजारीच ड्रेनेजचं चेंबर आहे. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएस (नसांचा आजार) झाला तेव्हा पाण्याचंच नाव आलं होतं. आपल्या लाइनमध्ये बाहेरचं घाण पाणी शिरू शकतं का?

सी-१०१: शिरू शकतं, आणि पैशापेक्षा हे महत्त्वाचं आहे. पाणी चालू असतं तेव्हा दाबामुळे आतलं बाहेर येतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होत जातो आणि आत ओढ तयार होते. त्याच भोकाच्या बाहेर चेंबरचं पाणी साचलेलं असेल तर ते आत येतं आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाण्याबरोबर थेट आपल्या टाकीत जातं. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्या. फिल्टर असला तरी.

ए-३०१: बापरे. आईला लगेच सांगते.

बी-४०२: पण ते पाणी नळाचंच कशावरून? ड्रेनेजचं असेल तर?

सी-१०१: क्लोरिन टेस्टची बाटली मेडिकलमध्ये किंवा स्विमिंग पूलचं सामान मिळतं तिथं मिळेल. साचलेलं पाणी स्वच्छ बाटलीत घ्या, थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरिन आहे, म्हणजे नळाचं. पिवळं नाही झालं तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. मातीतून येता येता क्लोरिन उडून जातं.

बी-१०२: केली. फिकट पिवळं आलंय. आणि घरच्या नळाचंही बघितलं, ते छान पिवळं आहे.

सी-१०१: छान. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन राहिलं पाहिजे असं भारतीय मानक आहे. आता दुरुस्ती होईपर्यंत टाकीतल्या पाण्याची रोज सकाळी टेस्ट करा. एक दिवस रंग आला नाही तर ते पाणी वर चढवायचं नाही.

बी-४०२: मशीन लावून गळती शोधणारे येतात म्हणे. बोलावू का?

सी-१०१: आपली लाइन जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची आहे, लोखंडात आवाज लांब जातो, मशीन लागेलही कामी. पण एवढ्याशा अंतराला कशाला? आपल्या प्लंबरला पहाटे रस्ता शांत असताना बोलवा. पहार जमिनीला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा. मीटरच्या पाइपाला लाव, गेटशी लाव, टाकीपाशी लाव. जिथं सूं... आवाज सगळ्यात मोठा तिथं खोद. प्लास्टिकची लाइन असती तर हे जमलं नसतं, प्लास्टिक आवाज गिळून टाकतं.

ए-२०३: पहार कानाला लावलेला प्लंबर! फोटो हवाच.

सेक्रेटरी: उद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आहे, पेपरात आलंय. लाइन कोरडी असेल, खोदायला तोच दिवस बरा. पण आवाज आज पाणी चालू असतानाच ऐकावा लागेल. प्लंबरला फोन करतो.

ए-१०४: खर्च कुणाचा? आमच्या घरी पाणी नीट येतं. बी विंगला त्रास आहे तर बी विंगनं बघावं.

खजिनदार: अहो, लाइन मेन आहे, सगळ्या विंग तिच्यावरच आहेत. आणि आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) बाहेरच्या पाण्याच्या लाइन, पंप आणि टाक्यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चातून करायची असं आहे. दुरुस्ती निधीतून जाईल. वेगळी वर्गणी नाही.

ए-१०४: मग ठीक आहे.

बी-४०२: 😄

गुरुवार

सेक्रेटरी: सापडलं. गेटच्या खांबापासून पाच फुटांवर, साधारण अडीच फूट खोल. फोटो बघा. पाइपाच्या पोटाला गंजून तीन भोकं पडलीत, आणि शेजारच्या सॉकेटवर (सांध्यावर) कुणीतरी कधीकाळी सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळलेली आहे.

ए-३०१: म्हणजे आधीही गळत होतं आणि तसंच बुजवलं?

सेक्रेटरी: तेव्हाच्या कमिटीला विचारून काही उपयोग नाही, जाऊ दे. प्लंबर म्हणतोय क्लॅम्प लावून देतो, संध्याकाळपर्यंत मोकळे.

सी-१०१: आज क्लॅम्प लावा, त्याला हरकत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. पोटाशी तीन भोकं आहेत म्हणजे तो पाइप आतूनही खाल्लेला आहे. उद्या इथं बंद केलं की परवा चार फूट पुढं फुटेल. मीटर ते टाकी सगळीच बदला. ६३ मिलिमीटरचा एचडीपीई (काळा, लवचीक प्लास्टिकचा पाइप) घ्या, आपल्या दोन इंची जीआयच्या जागी तोच बसतो. गंज नाही, सांधेही कमी.

बी-४०२: सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा पाइप) स्वस्त पडेल ना?

सी-१०१: घरातल्या गरम पाण्याला सीपीव्हीसी. इथं गाड्यांचं वजन आहे, जमीन दबते, एचडीपीई थोडा वाकतो पण मोडत नाही. गाड्या जातात त्या भागात मोठ्या पाइपातून घालून न्या. खाली वाळू पसरा, दगडावर ठेवू नका. आणि ड्रेनेजची लाइन ओलांडताना आपला पाइप तिच्या वरून गेला पाहिजे, खालून अजिबात नाही. प्लंबर खोदकाम वाचवायला खालून घालतो, तिथं कुणीतरी उभं राहा.

सेक्रेटरी: मी उभा राहतो. कोटेशन दोन मागवलीत, रविवारी काम. कुणाची हरकत?

ए-१०४: नाही. पण पार्किंग रविवारभर बंद?

सेक्रेटरी: दुपारपर्यंत.

रविवार

बी-१०२: नवीन लाइन टाकून झाली. बुजवायला सुरुवात करतायत.

सी-१०१: बुजवू नका!! आधी हातपंपाने दाब देऊन तासभर ठेवा. गेजचा काटा खाली येतच राहिला तर सांधा सैल असेल. उघड्यावर पाच मिनिटांत आवळता येतो, बुजवल्यावर परत हेच सगळं. आणि बुजवायच्या आधी टेप लावून फोटो काढा. खांबापासून किती, भिंतीपासून किती, ते फायलीत राहू द्या.

सेक्रेटरी: दाब दिलाय. काटा तासभर जागचा हलला नाही. फोटो काढले, मापं लिहिली.

ए-३०१: आता पाणी थेट प्यायचं?

सी-१०१: उद्याचं पहिलं पाणी दहा मिनिटं बाहेर सोडून द्या, टाकीत घेऊ नका. नव्या पाइपात माती असते. मग टाकी धुऊन, थोडी ब्लिचिंग पावडर टाकून भरा. क्लोरिन टेस्ट पिवळी आली की उकळणं बंद.

खजिनदार: आणि बी-१०२, मंगळवारी सकाळी ती चक्री परत एकदा बघाल का? टाकीचा इनलेट बंद करून.

बी-१०२: बघतो. बी-४०२, तुमची स्कूटर अजून खड्ड्याच्या काठावर आहे, काम संपायच्या आत हलवा नाहीतर पेव्हर तिच्या भोवतीनं बसतील.