नजरुलच्या गाण्याची चाल बदलायला विचारायचं कुणाला?

तळ्याकाठी: काल दोन्ही चाली लागोपाठ ऐकल्या. बंगाली कवी काझी नजरुल इस्लाम यांचं 'कारार ओइ लौह कपाट', म्हणजे तुरुंगाचं ते लोखंडी दार फोडा. १९२१ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातले नेते चित्तरंजन दास तुरुंगात असताना लिहिलेलं. २०२३ मध्ये 'पिप्पा' चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी त्याला नवी चाल लावली, बंगालमध्ये गहजब झाला आणि निर्मात्यांनी माफी मागितली. माझ्या मते योग्यच झालं. जुन्या चालीत 'लाथी मार, भांग रे ताला' (ताला म्हणजे आपलं टाळंच) येतं तेव्हा एकेक शब्द टाचेनं हाणल्यासारखा पडतो. नव्या चालीत त्याच ओळीवर जत्रेत डोलावंसं वाटतं. राग गेला की उरलं काय?

कडूलिंब: ताई, सोवळं जरा सैल करा. हा नजरुल एकाच हातानं कालीमातेची आणि ईदची गाणी लिहायचा, बंगालीत गझल रुजवायचा. स्वतः उत्तम चाली बांधत असूनही त्यांची कितीतरी गीतं कमल दासगुप्तांनी स्वरबद्ध केली. तेव्हा नजरुलसंगीत बाटलं नाही ते?

तळ्याकाठी: ती गीतं त्यांनी स्वतःहून दिली होती हो. १९४२ मध्ये आजारानं वाचा आणि स्मृती गेली, १९७६ मध्ये ढाक्यात वारले. मधली ३४ वर्षं त्यांना काही विचारायची सोयच नव्हती.

उंबरठा: निर्माते म्हणाले, नजरुलच्या सुनेशी रीतसर करार केलाय. घरातले काही म्हणाले, परवानगी शब्दांची होती, चालीची नव्हे. म्हणजे भांडण कागदाचं. तुम्ही दोघं उगाच कलेवर घसरलात.

कडूलिंब: कागद ठेवा बाजूला. ज्याला आपण 'मूळ चाल' म्हणतो ती घरोघर पोचली गायक गिरीन चक्रवर्तींच्या १९४९ च्या ध्वनिमुद्रिकेनं. नजरुल तेव्हा सात वर्षं मुके होते. तेव्हा कुणी विचारलं त्यांना?

तळ्याकाठी: हा मुद्दा लागला, कबूल. पण हे गाणं ज्यात होतं तो 'भांगार गान' संग्रह इंग्रजांनी १९२४ मध्येच जप्त केला होता. पुस्तक हातात नसताना गाणं टिकलं ते गळ्यात, आणि गळ्यात शब्द चालीशिवाय राहत नाहीत.

कडूलिंब: गळ्यातलं गाणं दर गळ्यागणिक थोडं सरकतंच, ताई. १९४९ च्या आधीची स्वरलिपी कुणाकडे असेल तर टाका इथे. पेटी काढून बसतो.