जुनी लेक्सस सीटी २००एच घ्यावी का?

पहाटवाट :
मंडळी, एक जुनी सीटी २००एच बघून ठेवली आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड गाडी. २०१४ चं मॉडेल, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या नोंदी जागेवर. रोजचं जाणं-येणं शहरातलं, सिग्नलला थांबत थांबत. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आई.

कागदावर १३६ पीएस (अश्वशक्ती) दिसतात, पण ताशी शून्य ते शंभर किमीला १०.३ सेकंद. लक्झरी म्हणायचं आणि पळायला सुस्त, हे मला पटत नाहीये. चालवून पाहिली तेव्हा जोरात पाय दिल्यावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं, वेग मागाहून आला. हे बिघाडाचं लक्षण की गाडीच अशी? बॅटरीची धास्ती आहेच. वापरणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा.

तेलपाणी :
माझ्याकडे हीच गाडी बऱ्याच वर्षांपासून आहे आणि तिची बरीचशी कामं मी स्वतः करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आवाज हा बिघाड नाही. या गाडीत एकातून दुसऱ्यात पडणारे गिअर नाहीतच. इंजिन, दोन मोटर आणि चाकं एका प्लॅनेटरी गिअरसंचात (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) गुंतलेली आहेत. पाय पूर्ण दाबलात की इंजिन थेट वरच्या आरपीएमला जाऊन बसतं आणि गाडी वेग घेईपर्यंत तिथून हलत नाही. अर्ध्या पायाने चालवून बघा, ओरडणं जवळपास नाहीसं होतं.

आता १३६ चं गणित. इंजिन ७३ किलोवॅटचं, चाकं फिरवणारी मोटर ६० ची. बेरीज १३३ होते, पण कंपनी सांगते १००. कारण मोटर कितीही दमदार असली तरी बॅटरी एका वेळी साधारण २७ किलोवॅटच देऊ शकते. ७३ आणि २७ मिळून शंभर किलोवॅट, म्हणजेच तुमचे १३६ पीएस. त्यामुळे स्पोर्ट मोडमध्ये डायल लाल होऊन आरपीएमचा काटा आला तरी हुरळून जाऊ नका. या गाडीची खरी ताकद सिग्नल सुटल्यावर कळते. मोटरचा २०७ न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या क्षणापासून हजर असतो. १.८ लिटरचं, इंधन वाचवणाऱ्या अ‍ॅटकिन्सन सायकलचं इंजिन खालच्या आरपीएमला कमजोर आहे, तिथली उणीव मोटर भरून काढते. तुमच्यासारख्या थांबत-थांबत जाण्याला याहून सोयीची रचना मला माहीत नाही.

बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची आहे, २८ मोड्यूल, २०१.६ व्होल्ट. तिचा शत्रू म्हणजे उष्णता. तिला थंड ठेवणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो आणि ती हवा मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून आत जाते. त्या जाळीत बोट फिरवून बघा. धूळ-केसांचा थर निघाला तर आधीच्या मालकाने गाडी कशी ठेवली हे सर्व्हिसबुकापेक्षा तेच जास्त सांगेल.

मात्र माझ्या मते बॅटरीपेक्षा इंजिन नीट तपासा. ही इंजिनं (टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियस हायब्रिडमध्येही हेच होतं) एक्झॉस्टचा काही भाग थंड करून पुन्हा आत घेतात. त्या ईजीआर कूलरमध्ये आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये काजळी साचते. दुर्लक्ष झालं तर पुढे हेड गास्केटपर्यंत (इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांमधलं सील) प्रकरण जाऊ शकतं. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन रात्रभर बंद राहिलेलं असावं, मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं नको. पहिल्या स्टार्टला काही सेकंद खडखडून हलली तर शंका घ्या. कूलंटची पातळीही बघा, आणि लक्षात ठेवा, बाटल्या दोन आहेत, एक इंजिनची, एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला देणारा भाग). इंजिनची कमी झालेली दिसली आणि बाहेर गळतीचा डाग नसेल तर कूलंट गास्केटमधून आत जात असण्याची शंका येते, तिथूनच परत फिरा.

दार उघडल्यावर ब्रेकचा पंप घरघरतो, ते ठीक. गाडी उभी असताना दर थोड्या वेळाने तो चालू होत राहिला तर मात्र ठीक नाही.

मधलीलेन :
तेलपाणी यांच्याशी सहमत, पण एक राहिलं. १७ इंची चाकांवर, म्हणजे कमी उंचीच्या २१५/४५ टायरवर, ही गाडी खड्ड्यात चांगलीच आपटते. १६ इंची २०५/५५ असेल तर तीच गाडी माणसात येते. आणि प्रियसचीच यंत्रणा असेल तर जास्त पैसे कशाला? मागे जागाही प्रियसलाच जास्त आहे.

तेलपाणी :
चाकांचं अगदी बरोबर. जागेचंही, त्या प्रियसचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २७०० मिमी, हिचा २६००. फरक पडतो तो बाकीच्या गोष्टींत. मागे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, आणि बॉडीला आडवे बसवलेले यामाहाचे परफॉर्मन्स डँपर बारीक थरथर खाऊन टाकतात. वळणावर गाडी एकसंध वाटते, दार लावल्यावर बाहेरचा गोंगाट कमी होतो. मला लक्झरी ती इथे वाटते. ज्याला ऐसपैस जागा हवी त्याने प्रियसच घ्यावी, हे मी मनापासून सांगतो.

पहाटवाट, आईंना बरोबर न्याच. सीट खाली आहे, बसणं सोपं, उठणं अवघड. मागे आणि पुढे दोन्हीकडे त्यांना बसवून उठायला सांगा, घाई न करता.

पहाटवाट :
आई पुढच्या सीटवरून हाताने आधार घेऊन उठली, मागून मात्र जमलं नाही. पुढे ती बसेल, मागे आम्ही दोघी. सकाळी थंड इंजिन चालू केलं, हललं नाही. जाळीत थोडी धूळ होती. चाकं १६ ची आहेत. अजून काही बघायचं राहिलं का?

तेलपाणी :
१२ व्होल्टची बॅटरी. ती डिकीत असते आणि ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' (चालायला तयार) होत नाही, डिकीचं इलेक्ट्रिक कुलूपही उघडत नाही. जंप देण्याचं टोक बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये असतं, ते आत्ताच मालकाकडून दाखवून घ्या. बॅटरी कधी बदलली तेही विचारा. जुनी असेल तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.