१८९३ या एकाच सालावर गणेशोत्सवात प्रदर्शन: काय घ्यावं, तारखा कशा तपासाव्यात?

घोडबंदर_वाचक
घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत यंदा गणेशोत्सवात १८९३ सालावर फलकांचं प्रदर्शन करायचं ठरलंय. क्लबहाऊसची एक भिंत मिळणार, लांबी २४ फूट. फलक २ × ३ फुटांचे, उभे. सार्वजनिक गणेशोत्सव, विवेकानंदांचं शिकागोचं भाषण आणि गांधीजींचं दक्षिण आफ्रिकेला जाणं, हे तीन विषय नक्की. शिवाय नेटवरून काढलेली चाळीसेक नोंदींची यादी आहे, जन्म-मृत्यू धरून. ठाण्याशी थेट जोडलेलं काही आहे का? एकाच घटनेच्या दोन-दोन तारखा सापडतात, त्यातली कोणती धरायची? आणि छपाईत काय सांभाळायचं?

जुनी_पाने
चाळीस नोंदींची यादी बाजूला ठेवा. त्या वर्षी जन्मलेल्या माणसाने त्या वर्षी काहीच केलेलं नसतं, त्यामुळे जयंत्यांनी भिंत भरते पण सालाबद्दल काही कळत नाही.

पहिला फलक ठाण्याचाच करा. मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे, स्थापना १ जून १८९३. त्यामागचे वि. ल. भावे तेव्हा २१ वर्षांचे होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, म्हणजे ठाणं पाच वर्षं आधी. या दोन संस्थांची नावं इतकी सारखी आहेत की फोटो आणि सनावळ्या हमखास एकमेकींच्या लागतात. फोटो घ्याल तेव्हा पाटीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या.

दुसरा फलक नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्यातला, १८४८ चा. गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ११ ऑगस्ट १८९३ ला, शुक्रवारी, मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, त्यानंतर राणीच्या बागेत सलोख्याची सभा भरवण्यात हेच लोखंडे पुढे होते. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या सुरुवातीला या दंगलीची पार्श्वभूमी आहे. ती गाळून उत्सवाचा फलक लिहिला तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. दंगल आणि लोखंडे दोन्ही एकाच फलकावर ठेवा, शेजारी गणेशोत्सव.

तिसरा, आणि मला सगळ्यात आवडणारा, मुंबई बंदराचा फलक. ६ फेब्रुवारीला अरविंद घोष इंग्लंडहून अपोलो बंदरावर उतरले, वय २०. एप्रिलमध्ये गांधीजी इथूनच आफ्रिकेला निघाले, वय २३. तिथले व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचं एका वर्षाचं काम, मोबदला १०५ पौंड. ३१ मे रोजी विवेकानंद ‘पेनिन्शुलर’ बोटीने निघाले, वय ३०. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. नावासमोर वय लिहाच. शाळा-कॉलेजातली मुलं तिथे थांबतात. मात्र या फलकावर गेटवे ऑफ इंडियाचं चित्र नको. त्याची पायाभरणीच १९११ ची.

शिकागोच्या फलकावर ‘शून्यावर भाषण दिलं’ ही दंतकथा चुकूनही छापू नका. ११ सप्टेंबरचं भाषण स्वागताला उत्तर म्हणून होतं, जेमतेम एक पान भरेल एवढं, आणि विषय होता सहिष्णुता. त्याच सर्वधर्म परिषदेत मुंबईहून गेलेले बी. बी. नगरकर ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलले आणि वीरचंद गांधी जैनांच्या. एक ओळ त्यांनाही द्या.

तिथी_तारीख
दोन-दोन तारखा येण्याची बहुतेक कारणं ठरलेली असतात.

शकाचं गणित: गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह ११ मार्च १८९३ चा, पाडव्याच्या आधीचा, म्हणून शके १८१४. सरसकट ७८ मिळवले की तो १८९२ मध्ये जाऊन बसतो.

वर्तमानपत्राची तारीख: केसरी तेव्हा साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा. अंकाची तारीख घटनेची म्हणून उचलली तर आठवडाभराची चूक होऊ शकते. मजकुरात वार दिला असेल तर वारावरून मागे मोजा.

आणि एक्सेल. त्यात १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतलीच जात नाही, नुसता मजकूर राहतो. क्रम लावायला गेलात की सगळं विस्कटतं. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने करा आणि चौथ्यात ‘कुठे मिळालं’ ते लिहा. दोन वेगळ्या ठिकाणी न सापडलेली तारीख फलकावर घेऊ नका, नुसता महिना द्या. ‘एप्रिल १८९३’ एवढं पुरतं.

गणेशोत्सवाच्या ‘पहिल्या’वरून वाद आहेच. पुण्यात भाऊसाहेब रंगारींचा गणपती १८९२ चा असं मानणारे आहेत. गिरगावातली केशवजी नाईक चाळ १८९३ सांगते. विंचूरकर वाड्यातला टिळकांचा गणपती १८९४ चा. ‘टिळकांनी १८९३ मध्ये सुरू केला’ असं एका वाक्यात न लिहिता ही तिन्ही सालं मांडा आणि टिळकांनी केसरीतून या उपक्रमाची बाजू उचलून धरली, असं लिहा. मग कुणी येऊन भांडणार नाही, आणि ते जास्त खरंही आहे.

पाटीवाला_कळवा
२४ फुटांत आठ फलक बसतात: १६ फूट फलक, मधल्या सात जागा एकेक फुटाच्या, दोन्ही टोकांना सहा-सहा इंच. नववा घुसवू नका, गर्दीत एका फलकाचा वाचणारा दुसऱ्यासमोर उभा राहतो.

मजकूर फलकाला १०० ते १२० शब्द. मुख्य मजकूर ३६ पॉइंटच्या खाली नको, मथळा १२० च्या आसपास. फलकाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर.

फोटो १५० डीपीआयने पूर्ण फलकभर हवा असेल तर ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला फोटो याच्या आसपासही नसतो. तसा फोटो ६-७ इंचांपेक्षा मोठा लावू नका.

सगळ्यात जास्त घोळ फॉन्टचा. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून देता, प्रेसवाला तो श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये किंवा कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत चिकटवतो, आणि रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं तुटतात. मजकूर पाठवू नका. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून, पीडीएफ द्या. प्रूफमध्ये हे शब्द आधी शोधून पाहा: प्रार्थना, महाराष्ट्र, विद्यार्थी, पुनर्विवाह, सुधारणाऱ्या. हे नीट असतील तर बाकीचंही बहुधा नीट असतं.

५ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड), वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि मधल्या तीन ओळी वाचता येत नाहीत. भाद्रपदात ठाण्यात भिंती ओलसर असतात, डबल टेप दुसऱ्या दिवशी सुटते. ३ मिमीचा बोर्ड तर वाकतोसुद्धा. वरच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडून आडव्या बांबूला केबल टायने अडकवा.

घोडबंदर_वाचक
फार उपयोगी. फलक असे ठरतायत: ग्रंथसंग्रहालय, बंदर, दंगल आणि लोखंडे, गणेशोत्सव, शिकागो, गांधीजी, कर्वे. आठवा रिकामा आहे. कर्व्यांच्या फलकावर लग्नाशिवाय काय घ्यावं?

जुनी_पाने
आधी गोदूबाई. त्या विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे ३७ वर्षं जुना, तरी मुरुडला, कर्व्यांच्या गावी, लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा आणि समाज यांतलं हे अंतर आकड्यात दाखवा. त्याच वर्षी शारदा सदनात धर्मांतराच्या शंकेवरून पालकांनी मुली काढून घेतल्या, तेही याच फलकावर यावं. फोटोची काळजी घ्या: कर्व्यांचे बहुतेक फोटो म्हातारपणचे आहेत आणि लग्नाच्या दिवशी ते ३४ वर्षांचे होते. फोटोखाली तो कधीचा ते लिहा.

आठव्यावर चांदी घ्या. २६ जून १८९३ ला सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. त्यानंतर रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपासून तुटली, आणि ज्या घरांची बचत तोडे-वाळ्यांत होती त्यांना अडीअडचणीला त्याचे रुपये कमी मिळू लागले. फलकाखाली काचेच्या पेटीत त्या काळातला चांदीचा रुपया ठेवता आला तर उत्तम. पेटीला कुलूप हवं. आणि नाणं ब्रासो लावून चकाकवू नका, त्याने वरचा थर झिजतो आणि नाण्याची किंमत जाते.