प्रतिसाद: परदेशी शेजारी आणि भाड्याचं घर

‘युरोपातून आलेल्यांना इथे त्रास तो तिखटाचा आणि भाषेचा’ हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला फारसं पटलं नाही. आमच्या नेरूळच्या सोसायटीत एक पोर्तुगीज जोडपं भाड्याने राहतं. करावे गावच्या कोळीणमावशी मांदेली घेऊन आल्या की ही बाई सगळ्यांच्या आधी खाली हजर. पोर्तुगालमध्ये छोटे सार्डिन अख्खे तळून खातात, त्यामुळे काट्यांचं तिला कौतुक नाही. मावशी भाव सांगतात, ही मान हलवते, शेवटी वर मूठभर जास्तीची मांदेली पिशवीत पडते. (मला आजवर कधी मिळाली नाही!)

घोडं अडतं ते कागदपत्रांपाशी. ‘अकरा महिन्यांचाच तर करार, नोंदणी कशाला?’ ही मालकांची आवडती सबब. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. परदेशी माणूस राहायला आल्याचं २४ तासांत ऑनलाइन कळवणं हेही मालकाकडेच. बहुतेक दीर्घ मुदतीच्या व्हिसांवर १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) नोंदणी करावी लागते, तिथेही पत्त्याचा पुरावा मागतात. तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणी परदेशी घर शोधत असेल, तर डिपॉझिट देण्याआधीच मालकाला हे स्पष्ट विचारायला सांगा.