मदत हवी आहे: केनियात पोरक्या मुलांचा जन्मदाखला

आम्ही किसुमूला असतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची दोन नातवंडं, वय 9 आणि 6, आईवडील गेल्यापासून त्यांच्याकडेच आहेत. जन्मदाखले नाहीत, त्यामुळे शाळेच्या सरकारी नोंदणीत नावं चढत नाहीत. अनाथ मुलांसाठीच्या 'इनुआ जामी' मदतीलाही (घरटी महिना 2,000 शिलिंग) पुढे अर्ज करायचाय.

चीफचं (इथल्या स्थानिक सरकारी अधिकाऱ्याचं) पत्र आणलंय. थोरल्याचं लसीचं कार्ड आहे; तारीख वाचता येते, आईचं नाव मात्र पाण्यानं पुसलंय. धाकटी घरीच जन्मली, तिचा कागदच नाही. आईचा मृत्यूदाखला आहे, वडिलांचा नाही. ओळखपत्रं दोघांचीही हरवली. कचेरीत तीन खेपा झाल्या, दर खेपेला नवीनच कागद मागतात. 116 या बालहेल्पलाइनवरून बालअधिकाऱ्यांकडे जायला सांगितलं, पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.

एजंट नको. आश्रमात ठेवायचं तर कृपया सुचवू नका, मावशी धडधाकट आहेत आणि मुलं त्यांना सोडून झोपतही नाहीत.

केनियात कुणी उशिराची जन्मनोंदणी केली असेल तर सांगा: आईवडिलांच्या ओळखपत्राशिवाय धाकटीसाठी नेमकं काय चाललं? शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र पुरतं, की आजीला आधी कोर्टातून पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं?