भिगवणला फेब्रुवारीत रोहित (फ्लेमिंगो) नक्की दिसतील का?

बावधनकर_०९
फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी भिगवणला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आई-बाबा. कुणी म्हणतं डिसेंबर उत्तम, कुणी म्हणतं मार्चशिवाय फ्लेमिंगो नाहीत. नक्की काय? शिवाय पुण्यातून किती वाजता निघावं, बोट कुठून घ्यावी, कॅमेऱ्याला ७०-३०० लेन्स आहे ती पुरेल का? बोटीत म्हाताऱ्या माणसांना बसवणं जमेल का, हेही सांगा.

थापट्या
महिना विचारू नका, उजनीची टक्केवारी विचारा. भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा, धरणामुळे मागे तुंबलेलं पाणी. धरण भरलेलं असताना पाणी थेट उसाच्या बांधाला लागतं आणि चिखल उघडा पडत नाही. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून गाळातलं खाद्य गाळून खातो, त्यामुळे त्याच्या पायांना तळ लागला पाहिजे. भिगवण फुगवट्याच्या वरच्या अंगाला असल्यामुळे पाणी उतरायला लागलं की इथले काठ आधी उघडे पडतात.

उजनीच्या उपयुक्त साठ्याचा आकडा पेपरात येत असतो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला रोहित तुरळक, आणि मार्च-एप्रिलमध्ये थवेच्या थवे. पाऊस कमी झाला तर सगळं आधी सरकतं. २०२३ ला धरण भरलंच नाही आणि जानेवारी २०२४ मध्येच साठा वजा पातळीत गेला. वजा म्हणजे धरण कोरडं नव्हे, उपयुक्त साठा संपला एवढंच; त्याखाली ६३-६४ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा असतोच. शेतीचं आवर्तन (धरणातून सोडलेलं पाणी) सुटलं की आठवड्याभरात काठ बदलतो, म्हणून महिन्याभरापूर्वीचे फोटो बघून बेत ठरवू नका. निघायच्या दोन दिवस आधी नावाड्याला एवढंच विचारा: ‘पक्षी कुठल्या बाजूला बसलेत, आणि तिथवर बोट जाते का?’

मात्र फक्त रोहितांसाठी मार्चपर्यंत थांबलात, तर पट्टकादंब हुकतील. हे हिमालय ओलांडून येणारे राजहंस, डोक्यामागे दोन काळे पट्टे. ते डिसेंबर ते फेब्रुवारी असतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हेही थंडीतलेच. तुमचा फेब्रुवारी दोन्हीच्या मधला आहे. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याला तोच बरा.

काठावरचा
वेळेचं सांगतो. फेब्रुवारीत सूर्योदय सातच्या आसपास. बावधनहून साडेचारला निघालात तर हडपसर, यवत, पाटस, कुरकुंभ करत साडेसहा-पावणेसातला पोहोचाल. सोलापूर रस्त्यावर पहाटे उसाचे ट्रॅक्टर असतात, एकामागे दोन ट्रॉल्या आणि मागे दिवा नाही. घाई करू नका.

बोटीसाठी कुंभारगाव किंवा डिकसळ. आई-बाबा असतील तर कुंभारगाव. तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं पक्षी दाखवतायत, चहा-नाश्ता आणि स्वच्छतागृहाची सोयही होते. बोटीत चढण्यापूर्वी ती आटोपून घ्या, मध्ये उतरायला जागा नसते. रविवारची बोट आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

पाणी उतरलेलं असलं की काठापासून बोटीपर्यंत चिखलातून जावं लागतं. फळी टाकतात, पण ती घसरडी असते. चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल घाला. आईंना आधी बसवा, तेही मधल्या फळीवर, टोकावर नको. एका बाजूला पक्षी दिसला की सगळे तिकडेच झुकतात आणि बोट कलते, हे मुलीला आधीच सांगा.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं आणि पट्टे आवळायचे. मुलीच्या मापाचं आहे का ते फोनवरच विचारा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. वारा सुटायच्या आत, म्हणजे साडेनऊ-दहापर्यंत परत काठाला या. मे २०२४ मध्ये कळाशी-कुगाव दरम्यान संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. उजनीचं पाणी शांत दिसतं, पण विस्तार मोठा असल्यामुळे वारा लागला की लाटा उठतात.

आणखी एक: पाण्यात हात घालून खेळू देऊ नका. मुळा-मुठेतून भीमेत जाणारं सांडपाणी शेवटी इथेच येतं. आपलंच आहे, पण तरी.

दुर्बीणवाला
७०-३०० पुरेल, पण थव्यासाठी. एकट्या पक्ष्याचा डोळा टिपायचा हट्ट धरलात तर नावाड्याला ‘अजून जवळ घे’ म्हणत बसाल आणि थवा उडेल. रोहितांकडे नीट बघा: खाताना माना खाली असतात. पाच-सहा माना एकदम वर आल्या की इशारा समजा. सगळा थवा एकाच दिशेला चालायला लागला, तर आता उडणार. माना वर आल्या की इंजिन बंद करून बांबूनं बोट मागे घ्यायला सांगा. पंखांचा गुलाबी-काळा फोटो मिळावा म्हणून थवा उडवायला सांगणारे असतात. त्यांच्या बोटीत बसू नका. थव्यात राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, आजारी पक्षी नव्हेत.

सूर्य पाठीशी राहील अशा बाजूनं जायला सांगा. बोटीत ट्रायपॉड निरुपयोगी, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. तांदळाची छोटी पिशवी बोटीच्या काठावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० च्या आसपास. पांढऱ्या पिसांचा तपशील उडतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वजा. दुर्बीण ८x४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या. १०x बोटीत हलते.

कुरवांना (सीगल) फरसाण टाकू नका. फोटोसाठी लोक पिशव्या रिकाम्या करतात आणि पक्षी बोटीमागे लागायला शिकतात.

बावधनकर_०९
खूप उपयोगी. आईचे गुडघे दुखतात, ती कदाचित काठावरच थांबेल. तिला काही दिसेल का?

थापट्या
दिसेल. काठावर खुर्ची टाकून बसलं तरी शेकाटे, चित्रबलाक, मोर शराटी, जांभळी पाणकोंबडी हे सगळं होतं. एक दुर्बीण त्यांच्याजवळ राहू द्या. प्रवासच जड जात असेल तर लोणी काळभोरजवळचं कवडीपाट आहे, पुण्याच्या वेशीवरच. चक्रवाक तिथेही येतात. वास सहन करावा लागेल आणि रविवारी कॅमेऱ्यांची रांग असते, म्हणून शनिवार बघा.

काठावरचा
बेत एप्रिलपर्यंत लांबला तर उघड्या पडलेल्या बेटांवर उतरू नका, नावाडी ‘चला’ म्हणाला तरी. नदी सुरयांची अंडी वाळूतच असतात आणि मातीच्याच रंगाची, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. शिवाय ओला गाळ मांडीपर्यंत ओढतो.

जेवण कुंभारगावातच घ्या, चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी. मात्र बोटीत बसण्यापूर्वीच माणसं किती ते सांगून जा. परत आल्यावर सांगितलंत तर भाकऱ्या होईस्तोवर तासभर जातो.