मातीत शिसे आहे, पण विहिरीच्या पाण्यात नाही: असे का?

कृष्णाकाठ (वाळवा, जि. सांगली)
आमच्या बांधालगत काही वर्षे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम चालत असे. ते बंद पडल्यावर मी तिथली वरची वीतभर माती आणि रानातल्या विहिरीचे पाणी तपासून घेतले. मातीत शिसे भरपूर आणि कॅडमियम थोडे निघाले. पाण्यातले शिसे मात्र पिण्याच्या पाण्यासाठीच्या 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेच्या आतच आहे. जमीन काळी, भारी, चुनखडीची असून सामू (pH; जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) 8.2 आहे. एवढे पावसाळे गेले तरी शिसे खाली का झिरपले नाही? माझ्या मावसभावाची जमीन महाबळेश्वरच्या बाजूला, जांभ्यावरची तांबडी आहे. तिथेही असेच झाले असते का?

जांभा (सातारा)
शिसे मातीच्या कणांच्या पृष्ठभागाला धरून बसले आहे. काळ्या मातीतले मुख्य चिकण खनिज माँटमोरिलोनाइटच्या गटातले असते, आणि त्याच्या एका ग्रॅमच्या पापुद्र्यांचे आतले-बाहेरचे मिळून क्षेत्रफळ 700 ते 800 चौरस मीटर, म्हणजे सुमारे सात ते आठ गुंठे भरते. या पापुद्र्यांवर कायमचा ऋणभार असल्याने धनभारित शिसे त्यांच्याकडे ओढले जाते. मात्र ही पकड सैल असते आणि कॅल्शियमची गर्दी झाली की जागा सुटते. खरी घट्ट पकड लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांची. त्यांच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन शिशाशी थेट रासायनिक बंध जोडतो, आणि मग नुसत्या पाण्याने ते धुऊन जात नाही. त्यात आपल्या मातीत चुनखडी असल्यामुळे काही शिसे कार्बोनेट होऊनही थिजले असणार.

या सगळ्याचा लगाम सामूच्या हाती आहे. सामू उतरला की हायड्रोजनचे आयन (भारित कण) त्याच जागा बळकावतात आणि धातू सुटू लागतात. लोहाच्या ऑक्साइडांवर शिसे आणि तांबे आम्लधर्मी मातीतही बऱ्यापैकी टिकतात, परंतु जस्त आणि कॅडमियम धरून ठेवायला सामू बराच वर असावा लागतो. म्हणून आपल्या अहवालात मला शिशापेक्षा ते ‘थोडे’ कॅडमियमच अधिक खटकते.

तांबड्या जमिनीचे गणित वेगळे आहे. तिथे केओलिनाइट हे चिकण खनिज आणि गोएथाइट व हेमेटाइट ही लोहाची ऑक्साइडे प्रमुख असतात. शेवटच्या दोन्हींचा भार साधारण 8 ते 9 सामूला शून्य होतो आणि त्याखाली धन होत जातो, त्यामुळे फॉस्फेट, आर्सेनेट, क्रोमेट यांसारखे ऋणभारित आयन तिथे अडकतात. (तांबड्या रानात टाकलेले सुपर फॉस्फेट ‘कुठे जाते’ असे जे विचारले जाते, त्याचे उत्तर मोठ्या प्रमाणात हेच.) आपल्या भावाच्या जमिनीत शिसे बहुधा टिकले असते, सामू पाचाच्या आसपास असता तर कॅडमियम मात्र खाली उतरले असते.

क्षारपड (मिरज)
वरील विवेचन पटले, तरी ‘काळी माती आहे, म्हणून निर्धास्त’ असा अर्थ कोणी काढू नये. आमच्याकडे बेसुमार पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनींत क्लोराइड साचते, ते कॅडमियमशी जोडी करून त्याला द्रावणात ठेवते, आणि सामू चढा असूनही पीक ते उचलते.

दुसरी गोष्ट पाणी तुंबण्याची. 2019 च्या पुरात कित्येक रानांत दिवसेंदिवस पाणी उभे होते. मातीतला ऑक्सिजन संपला की जिवाणू लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांचाच वापर करू लागतात, ती विरघळतात आणि त्यांच्या अंगावरचा माल पाण्यात मोकळा होतो. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील भूजलात आर्सेनिक आले ते प्रामुख्याने असेच. पाणी बराच काळ तुंबले तर सल्फाइड तयार होऊन कॅडमियमला पुन्हा बांधते खरे, पण वाफसा येताच हवेने ते सल्फाइड मोडते आणि कॅडमियम परत सुटते.

कृष्णाकाठ (वाळवा, जि. सांगली)
आपणा दोघांचे आभार. मग पुढे कोणती तपासणी करावी? त्या पट्ट्यात मेथी-पालक घेतले तर चालेल का?

जांभा (सातारा)
पालेभाजी नको, कॅडमियम पानांत साठते आणि शिशाची धूळ पानांवर बसते. प्रयोगशाळेने माती तीव्र आम्लात पचवून एकूण धातू मोजला असेल, तर डीटीपीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने सुटणारा अंशही मोजून घ्यावा, कारण पिकाला त्यातलाच भाग मिळण्याचा संभव असतो. क्षारपडरावांच्या मुद्द्यासाठी क्लोराइडही पाहावे. पाण्याचा नमुना गाळून दिला होता का, हेही विचारावे. पावसाळ्यात शिसे विरघळून नव्हे, तर गढूळ पाण्यातल्या चिकणकणांवर बसून विहिरीत उतरू शकते.

आणि एक. ज्या पकडीमुळे विहीर वाचली, ती पोटात टिकत नाही. जठरातल्या आम्लाचा सामू उपाशीपोटी दोनच्या आसपास असतो आणि तिथे कणावरचे बरेचसे शिसे सुटते. रांगती मुले माती तोंडात घालतात, म्हणून त्या तुकड्यावर दाट गवत लावून तो कुंपणाने बंद करणे मला विहिरीच्या पुढच्या तपासणीपेक्षाही तातडीचे वाटते.